परदेशात सिगारेटचा धूर कसा चुकवायचा: न ओढणाऱ्यांसाठी प्रवासाची तयारी

पहिल्यांदा युरोपला निघालेल्या माणसाला आपल्याकडे सगळे तीन गोष्टींची भीती घालतात: थंडी, पाकीटमार आणि शाकाहारी जेवण. धुराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मग पॅरिसच्या फुटपाथवर दहा मिनिटं चाललं की लक्षात येतं, पुढे चालणाऱ्या चारांपैकी एकाच्या हातात सिगारेट आहे आणि तिचा धूर थेट आपल्या तोंडावर येतोय.

आपल्याकडे सिगारेट नाही असं कुठे आहे? पण २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. दोनशे रुपयांचा दंड कुणी भरताना दिसत नाही, तरी ओढणारे बहुतेक करून टपरीच्या आडोशाला, ऑफिसच्या गेटबाहेर किंवा जिन्यात जाऊन ओढतात. घरातल्या मोठ्यांसमोर शिलगावायची नाही हा संकोचही अजून टिकून आहे. परदेशात तो संकोच नसतो. बाबागाडी ढकलणारी आई ओढते, सुटातला बँकवाला ओढतो, सत्तरीच्या आजी कुत्र्याला फिरवताना ओढतात. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही आणि आपण डोळे वटारल्याने वाटणारही नाही.

म्हणून हा लेख ओढणाऱ्यांना सुधारण्यासाठी नाही. जवळजवळ प्रत्येक देशाने ओढणाऱ्यांना कुठली तरी जागा दिलेली असते. ती जागा कुठे आहे हे आधी कळलं की आपली जागा निवडणं सोपं जातं. सगळा खटाटोप त्यासाठीच.

तिकीट काढल्यावर लगेच: रेघ कुठे मारली आहे ते बघा

‘त्या देशात बंदी आहे का?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण उत्तर बहुतेक वेळा ‘आहे’ असंच येतं. विचारायचं ते असं: आत बंदी आहे की बाहेर? हॉटेलच्या खोलीत काय? फलाटावर काय?

पश्चिम युरोपचं गणित साधारण एकसारखं आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसह सगळ्या बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं. देशभर असं करणारा तो पहिला देश. मग इटली २००५, इंग्लंड २००७, फ्रान्सची रेस्टॉरंट २००८, स्पेन २०११ आणि ऑस्ट्रिया सगळ्यात उशिरा, १ नोव्हेंबर २०१९. त्यामुळे आत हवा स्वच्छ आणि बाहेर मांडलेल्या टेबलांवर धूर, असा तिथला हिशेब आहे. आपल्या डोक्यात तो नेमका उलटा बसलेला असतो.

जर्मनीत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बव्हेरियाने २०१० मध्ये सार्वमत घेऊन रेस्टॉरंट-पबमधलं धूम्रपान पूर्ण बंद केलं. म्हणजे तिथल्या म्युनिकमध्ये बिनधास्त आत बसा. बर्लिनमध्ये मात्र ७५ चौरस मीटरपेक्षा लहान, एकाच खोलीच्या पबला दारावर पाटी लावून ओढू देण्याची मुभा आहे. स्वित्झर्लंडमध्येही ८० चौरस मीटरपर्यंतच्या जागांना अशी सूट आहे, पण ती द्यायची की नाही हे तिथली राज्यं ठरवतात. सर्बियात गेलात तर बेलग्रेडच्या कितीतरी कॅफेंत आजही आतच ओढतात.

जपानचं चित्र युरोपच्या उलट. तिथे रस्ता स्वच्छ असतो. टोकियोच्या चियोदा वॉर्डाने २००२ मध्येच रस्त्यावर ओढणाऱ्यांना दंड सुरू केला आणि ओसाकाने २७ जानेवारी २०२५ पासून अख्ख्या शहरात रस्त्यावर बंदी घातली, दंड १,००० येन. पण गल्लीतल्या छोट्या जुन्या खाणावळीत शिरलात तर आत धूर असू शकतो.

यात एक खाचखळगा आहे तो जुन्या माहितीचा. व्हिएन्नाच्या कॅफेतल्या धुराबद्दलच्या तक्रारी तुम्हाला भरपूर सापडतील, पण त्यातल्या बऱ्याच २०१९ च्या आधीच्या. जपानचा आजचा कायदा १ एप्रिल २०२० पासून पूर्ण लागू झाला. तोकाइदो शिंकानसेन या तिथल्या बुलेट ट्रेनमधल्या ओढायच्या खोल्या तर मार्च २०२४ पर्यंत होत्या. फ्रान्सने २९ जून २०२५ पासून बागा, समुद्रकिनारे, बसथांबे आणि शाळांच्या आसपासचा परिसर बंदीत आणला, दंड १३५ युरो, पण कॅफेची बाहेरची टेबलं त्यातून वगळली. मिलानमध्ये १ जानेवारी २०२५ पासून बाहेरही दुसऱ्या माणसापासून दहा मीटर दूर गेल्याशिवाय ओढता येत नाही. तेव्हा काहीही वाचताना आधी ते कोणत्या वर्षी लिहिलंय ते बघा.

खोली ठरवताना

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. रस्त्यावरचा धूर दोन मिनिटांत मागे पडतो, खोलीतला वास रात्रभर उशीत असतो.

बुकिंगच्या पानावर ‘नॉन-स्मोकिंग रूम’ असं दिसलं की आपण निश्चिंत होतो. त्यापेक्षा अख्खं हॉटेल नॉन-स्मोकिंग आहे का ते बघा. कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या हॉटेलांत काही खोल्यांत ओढायला परवानगी होती, त्यांच्या नॉन-स्मोकिंग खोल्यांतही निकोटिनचे अंश सापडले. धूर दाराखालच्या फटीतून, सामायिक डक्टमधून, बाथरूमच्या एक्झॉस्टमधून फिरतो. गालिचा आणि पडदे तो धरून ठेवतात.

परीक्षणांमध्ये शोधायची सोय असते. तिथे ‘स्मोक’ आणि ‘सिगारेट’ हे दोन शब्द घालून गेल्या वर्षभरातली मतं वाचा. हॉटेलवाले लिहिणार नाहीत ते पाहुणे लिहितात. ‘खिडकी उघडत नाही’ हेही तिथेच कळतं.

जपानमध्ये बिझनेस हॉटेलची खोली घेताना डोळे उघडे ठेवा. एकाच हॉटेलात ‘किन-एन’ म्हणजे धूम्रपान नसलेल्या आणि ‘कित्सुएन’ म्हणजे असलेल्या खोल्या वेगवेगळ्या विकायला ठेवतात. साकुराच्या म्हणजे चेरीचा बहर येतो त्या दिवसांत किन-एन खोल्या आधी संपतात, मग उरलेल्या कित्सुएन स्वस्तात दिसतात आणि आपला हात तिकडे जातो. ‘वास घालवून देऊ’ असं रिसेप्शनवर सांगतात, पण फवारा मारून गालिच्यात मुरलेला वास जात नाही. त्या खोल्या जेमतेम आपल्या स्वयंपाकघराएवढ्या असतात. थोडे येन वाचवायला तिथे चार रात्री काढू नयेत.

बाल्कनी हौसेने मागून घेतो आपण. दक्षिण युरोपात किंवा तुर्कस्तानात बाल्कनी ही बहुधा ओढायची जागा असते. शेजारच्या बाल्कनीतला माणूस रात्री अकराला बाहेर येतो आणि आपली खिडकी उघडी असते. वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यातली, लिफ्टपासून आणि मुख्य दरवाजापासून लांबची खोली मागा. मुख्य दरवाजाच्या वरची खोली नकोच, कारण हॉटेलातले सगळे ओढणारे त्या दरवाजाबाहेर उभे असतात.

चावी हातात आली की बॅगा उघडायच्या आधी पडद्याला नाक लावा. हे जरा विचित्र दिसतं, पण खोलीच्या हवेत सुगंधी फवारा मारलेला असतो, पडदा खोटं बोलत नाही. वास आला तर त्याच मिनिटाला खाली जाऊन खोली बदलून मागा. सामान लावून, आंघोळ करून, तासाभराने गेलात तर ‘आता सगळं भरलंय’ हे ऐकावं लागतं. बाल्कनीत राख किंवा थोटकं आधीपासून पडलेली असतील तर फोटो काढा आणि रिसेप्शनला दाखवा. बरीच हॉटेलं खोलीत ओढल्याबद्दल जबर सफाई-शुल्क लावतात आणि ते तुमच्या कार्डावर नंतर पडतं.

याच शुल्काच्या फेऱ्यात आपली माणसं वेगळ्याच कारणाने सापडतात. सकाळी आंघोळ करून देवाच्या फोटोसमोर उदबत्ती लावायची, कापूर पेटवायचा ही सवय. छतावरच्या धूरसूचकाला सिगारेट आणि उदबत्ती यांतला फरक कळत नाही. तो वाजला की अख्खं हॉटेल रस्त्यावर उतरतं. मंडळी, परदेशात हात जोडा आणि बॅटरीवरचा दिवा लावा, देव समजून घेतो.

विमानतळावर

विमानात आता कुणी ओढत नाही, हा प्रश्न सुटलेला आहे. विमानतळावर मात्र काचेच्या खोल्या असतात. त्यांचं दार सारखं उघडबंद होतं आणि प्रत्येक वेळी एक लोट बाहेर येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये तिथल्या मोठ्या विमानतळांवर मोजणी केली होती. ओढायच्या जागांच्या लगत हवेतले कण धूम्रपानमुक्त विमानतळांच्या सरासरी पाचपट निघाले. म्हणून गेटजवळची रिकामी खुर्ची बघून लगेच बसू नका, आधी आसपास ती खोली नाही ना ते बघा. तिच्याजवळच्या खुर्च्या रिकाम्या असतात त्याला कारण असतं.

उतरल्यावरचा झोत त्याहून वाईट. आठ-नऊ तास कळ काढलेली माणसं आगमनाच्या दारातून बाहेर पडल्या पडल्या शिलगावतात, तीही दाराच्या अगदी तोंडाशी. टॅक्सी ठरवणं, सिमकार्ड, फोनाफोनी जे काही करायचं ते आत करा. बाहेर पडलात की ट्रॉल्यांच्या रांगेपलीकडे जाऊन थांबा. मेट्रो किंवा ट्रेन विमानतळाच्या आतूनच मिळत असेल तर उत्तम.

खायला बसताना

दृश्य नेहमीचं. पॅरिस किंवा बार्सिलोना, संध्याकाळचे सात, फुटपाथवर गोल टेबलं, वेताच्या खुर्च्या. “अहो, बाहेरच बसूया, मोकळी हवा आहे.” अहो बसतात. कॉफी येते. उजवीकडच्या टेबलावरचा मुलगा सिगारेट पेटवतो, डावीकडच्या बाई कागदात तंबाखू गुंडाळायला घेतात, वर कापडी छत आणि बाजूंना प्लास्टिकचे पडदे, म्हणजे मोकळी हवा नावापुरती. फ्रान्समध्ये असं ‘टेरेस’ (आपली गच्ची नव्हे, कॅफेची बाहेरची बैठक) दर्शनी बाजूने उघडं असलं की कायद्याने ते बाहेर धरलं जातं. आतमध्ये मात्र तीसेक टेबलं रिकामी, पितळी दांडे चकचकीत, आणि एक वेटर आपल्याकडे बघतोय की ही मंडळी आत का येत नाहीत.

आत जाऊन बसा, एवढंच. पण आत म्हणजे दाराशी नव्हे. जून-जुलैत युरोपातल्या बऱ्याच कॅफेंत एसी नसतो, दारं सताड उघडी असतात आणि टेरेसचा धूर आत ओढला जातो. मागच्या भिंतीकडचं टेबल घ्या, वर मजला असेल तर तो विचारा. नुसती कॉफी प्यायची असेल तर फ्रान्स-इटलीत काउंटरवर उभं राहून प्यावी. धूर नाही, आणि बसून पिण्यापेक्षा कॉफी बहुधा स्वस्त पडते. हे आपल्या हिशेबाला फारच पटण्यासारखं आहे.

सांगायला लागणारे शब्द फार नाहीत. फ्रान्समध्ये ‘आ लँतेरिअर, सिल व्हू प्ले’, इटलीत ‘देन्त्रो, पेर फावोरे’, स्पेनमध्ये ‘देन्त्रो, पोर फाबोर’, जर्मनी-ऑस्ट्रियात ‘ड्रिनन, बिटं’. सगळ्यांचा अर्थ एकच, आत बसायचंय. उच्चार थोडा चुकला तरी आतल्या बाजूला बोट दाखवलं की काम होतं.

बाहेरच बसायची हौस असेल, आणि एखाद्या चौकात ती असणारच, तर वारा कुठून येतो ते आधी बघा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये उघड्यावरच्या धुराची मोजणी केली तेव्हा असं दिसलं की हात-दोन हात अंतरावर, वाऱ्याच्या दिशेत बसलेल्याला आतल्याइतका धूर मिळू शकतो, पण दोनेक मीटर पलीकडे तो एकदम कमी होतो आणि वाऱ्याच्या उलट बाजूला जवळजवळ नसतो. म्हणून टोकाचं टेबल घ्या आणि वारा तुमच्याकडून बाकीच्यांकडे जाईल असे बसा. ऑर्डर द्यायच्या आधी जागा बदलणं सोपं असतं. पास्ता समोर आल्यावर ताटं उचलून फिरायला कुणाला आवडत नाही, वेटरलाही.

जपानमध्ये खाणावळीच्या दारावरची छोटी पाटी वाचा. आत ओढायला परवानगी असेल तर तशी पाटी लावणं बंधनकारक आहे, आणि अशा जागेत वीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. सोबत नातवंडं असतील तर तुम्हाला दारातूनच परत पाठवतील, रागावू नका, कायदाच तसा आहे. ‘किन-एन सेकी, ओनेगाई शिमास’ म्हणजे धूम्रपान नसलेली जागा द्या. टाबेलॉग या तिथल्या रेस्टॉरंटच्या साइटवर प्रत्येक ठिकाणाची ही माहिती दिलेली असते. एक बारकावा: काही ठिकाणी न पेटवता यंत्रात तापवून ओढायच्या तंबाखूसाठी वेगळी खोली असते आणि तिथे जेवणही देतात. तिचा वास सिगारेटपेक्षा सौम्य वाटतो म्हणून ती खोली आपली समजू नये.

बाली, व्हिएतनाममध्ये बहुतेक खाण्याची हॉटेलं चारी बाजूंनी उघडी. इंडोनेशियात लवंग घातलेली सिगारेट, क्रेतेक, ओढतात. पहिल्यांदा तो वास मसाल्याचा वाटून बरा वाटतो, मग डोकं धरतं. तिथे कॅफेत काचेआडची एसीची खोली असेल तर ती सहसा न ओढणाऱ्यांची असते.

दुबई, कैरो, इस्तंबूलमध्ये सिगारेटपेक्षा हुक्का जास्त आडवा येतो. तिथे त्याला शिशा किंवा नर्गिले म्हणतात. दुबईत कारंज्यासमोरचं, इस्तंबूलला बॉस्फरस सामुद्रधुनीसमोरचं जे सुंदर टेबल आपल्याला हवं असतं, तेच बहुधा शिशावाल्यांना दिलेलं असतं. स्ट्रॉबेरीचा वास आहे म्हणून तो निरुपद्रवी नव्हे. खाली कोळसा जळतोय, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आलाच. टेबल राखून ठेवताना शिशा नसलेला भाग सांगा. दुबईच्या वाळवंटी सफारीत छावणीच्या एका कोपऱ्यात शिशा मांडलेला असतो. पोहोचल्यावर आधी तो कोपरा शोधा आणि समोरच्या टोकाची गादी पकडा. नाचगाणं तिथूनही दिसतं.

अॅमस्टरडॅमबद्दल एकच सांगते. तिथलं ‘कॉफीशॉप’ हे गांजाचं दुकान असतं. कॉफी हवी असेल तर ‘कॅफे’ लिहिलेलं दार उघडा.

लास व्हेगासचं वेगळं प्रकरण

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियात राहायला गेलेले आईवडील लाँग वीकेंडला हमखास व्हेगास आणि ग्रँड कॅनियनला नेले जातात. इतके दिवस अमेरिकेत सिगारेट औषधालाही दिसलेली नसते, त्यामुळे कुणी तयारीत नसतं. नेवाडा राज्याने २००६ मध्ये बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केलं, पण कसिनोचा मजला त्यातून वगळला. आणि व्हेगासची मोठी हॉटेलं बांधलेलीच अशी आहेत की रिसेप्शनपासून लिफ्टपर्यंत जायचं तर कसिनोतूनच जावं लागतं. फुलाफुलांचा गालिचा, न संपणारी यंत्रं, दोन यंत्रांच्या मधे छोटा अॅशट्रे, आणि धुरावर पांघरूण घातलेला अत्तराचा दर्प. नाश्त्याला जाताना तेच, परत येताना तेच.

यावर उपाय बुकिंगच्या वेळीच करायचा. पार्क एमजीएम हे २०२० पासून कसिनोसकट पूर्ण धूम्रपानमुक्त आहे, स्ट्रिपवरचं, म्हणजे कसिनोंच्या मुख्य रस्त्यावरचं, असं पहिलं. व्हडारासारख्या हॉटेलात कसिनोच नाही. मुलांनी आधीच दुसरीकडे बुकिंग केलं असेल तर पार्किंगमधून थेट खोल्यांच्या लिफ्टकडे जाणारी वाट आहे का ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. काही ठिकाणी असते, पण पाटी लावून ती कुणी दाखवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये बागा आणि टाइम्स स्क्वेअरसारखे पादचारी चौक २०११ पासून बंदीत आहेत. तरी रस्त्यावर सारखा एक उग्र वास येत राहतो. तो गांजाचा. २०२१ पासून तिथे तो कायदेशीर आहे आणि जिथे सिगारेट ओढता येते तिथे तोही ओढता येतो.

रस्ता, रांग, फलाट

चालताना पुढच्याच्या हातात सिगारेट दिसली तर त्याच्या मागे फरफटत जाऊ नका. एकतर भरभर पुढे निघा किंवा रस्ता ओलांडा. साधं आहे, पण आपण गप्पांच्या नादात त्याच वेगाने मागे चालत राहतो.

रांग हे खरं संकट, कारण जागा सोडता येत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला किंवा आयफेल टॉवरला वेळ ठरवून आधी तिकीट काढलं तर बाहेरची रांग आखूड होते. धुराच्या दृष्टीनेही हे पैसे वसूल आहेत. रांगेत पुढच्या-मागच्या कुटुंबाशी जागेची अदलाबदल करायला कुणी नाही म्हणत नाही.

युरोपातल्या गाड्यांत धूम्रपान बंद आहे. स्वित्झर्लंडमध्ये डिसेंबर २००५ पासून, जर्मनीत सप्टेंबर २००७ पासून. पण स्टेशन आलं की ओढणारे दारात उतरतात, दोन झुरके मारतात आणि शिट्टी झाली की वर चढतात. म्हणून आरक्षण करताना डब्याच्या मधली जागा घ्या. जर्मनीच्या फलाटांवर पिवळ्या रेघांचा चौकोन आखलेला असतो, ओढणाऱ्यांनी त्यात उभं राहायचं. तुमचा डबा नेमका त्या चौकोनासमोर येणार असेल तर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला थांबून गाडी आल्यावर चालत या. सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवरही २०१९ पासून ठरावीक चौकोनांतच ओढता येतं आणि तिथे दंडाची भीती खरी असते.

ग्रुप टूरवर असाल तर बसच्या थांब्यावर चालक आणि दोन-चार सहप्रवासी दाराशीच उभे राहून ओढतात, दार उघडं, धूर आत. टूर मॅनेजरला पहिल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगा, “दादा, मला दम्याचा त्रास आहे, जरा बसपासून लांब उभं राहायला सांगाल का?” तो सगळ्यांना मिळून सांगतो, नाव कुणाचंच येत नाही.

बोलायचं की नाही?

माझा कल सरळ आहे. जिथे ओढायला परवानगी आहे तिथे मी उठते, जिथे नाही तिथे कर्मचाऱ्याला सांगते. ओढणाऱ्याशी थेट वाद घालून काही मिळत नाही. बंद जागेत नियम पाळून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, म्हणून वेटर, रिसेप्शन, गार्ड यांना सांगितलेलं लागू पडतं. सार्वजनिक जागेत शेजारी बसलेल्याला हसून विनंती करून बघायला हरकत नाही. बरेच जण सिगारेट दुसऱ्या हातात घेतात किंवा चार पावलं लांब जातात.

टाळायचं ते आपलं खास नाटक: खोटा खोकला, नाकाला रुमाल, आणि ‘काय बाई ही माणसं’ असं मोठ्याने मराठीत. भाषा कळली नाही तरी चेहरा कळतो. शिवाय लंडन, न्यू जर्सी, दुबईत शेजारच्या टेबलावर मराठी कळणारा कुणीतरी असतोच.

दमा असेल, लहान मूल असेल तर

निघण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रवासाचा बेत सांगा. इन्हेलर केबिन बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि एक जादा. तो चेक-इन बॅगेत टाकू नका, बॅग चुकली तर पंचाईत. प्रवास विम्याच्या अर्जात दमा लपवू नका, लपवला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. युरोपात मदतीचा नंबर ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९. फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

एन९५ मास्क कामाचा आहे, पण अर्धाच. तो धुरातले बारीक कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू अडवत नाही, वासही पूर्ण जात नाही. रांगेत किंवा फलाटावर दहा मिनिटं काढायला घाला. मास्क घालून धुराच्या खोलीत तासभर बसायचं हा त्याचा उपयोग नाही. जपानमध्ये मास्क घातलेल्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

बाळ बाबागाडीत असेल तर ते मोठ्यांच्या कमरेच्या उंचीला असतं, म्हणजे हात खाली सोडून धरलेल्या सिगारेटच्या नेमकं समोर. गर्दीच्या फुटपाथवर त्याला कडेवर घ्या.

भाड्याच्या टॅक्सीत बसण्याआधी दार उघडून वास घ्या आणि नको असेल तर पुढची घ्या. कैरो किंवा बेलग्रेडमध्ये चालक गाडी चालवताना पेटवू शकतो. सुरुवातीलाच हाताने खूण करून ‘नो स्मोकिंग, प्लीज’ म्हटलं की सहसा ऐकतात, अर्ध्यात म्हटलं तर तोंड वाकडं करतात.

कपड्यांचं राहिलं. धुराच्या जागी घातलेलं जॅकेट खोलीत कपाटात टांगू नका, इतर सगळ्याला वास लागतो. रात्रभर उघड्या खिडकीशी ठेवलं तर बराचसा जातो. दोन-चार मोठ्या झिपच्या पिशव्या सोबत न्या, मळलेले कपडे त्यात घट्ट बंद करा, म्हणजे घरी बॅग उघडल्यावर शेवयांच्या डब्याला आणि चॉकलेटला सिगारेटचा वास येणार नाही.